मराठी मजकुरातली अदृश्य अक्षरे: काय काढायचे, काय जपायचे

पानावर ‘दुसऱ्या’ हा शब्द स्वच्छ दिसतोय, पण त्याच साइटच्या शोधपेटीत तो टाकला की एकही निकाल येत नाही. ईमेल अगदी बरोबर आहे, तरी लॉगिन म्हणते असा वापरकर्ताच नाही. सीएसव्ही फाइलचा पहिला रकाना ‘नाव’ आहे, पण कोडला ‘नाव’ नावाचा रकाना सापडत नाही. या तक्रारी सारख्या वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी तीन वेगवेगळे दोष असतात: मजकुरात न दिसणारे जादा अक्षर शिरलेले असते, किंवा सारखाच दिसणारा शब्द दोन निरनिराळ्या क्रमांकांनी साठवलेला असतो, किंवा बाइट बरोबर असतात पण वाचणाऱ्याने भलतेच एन्कोडिंग (बाइटांची अक्षरे करण्याची पद्धत) धरलेले असते. एका दोषाचा उपाय दुसऱ्यावर केला की डेटा कायमचा बिघडतो. ‘सगळी झिरो विड्थ (रुंदी नसलेली) अक्षरे उडवून टाका’ हा नेटवर जागोजागी मिळणारा सल्ला इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. मराठीवर तो जसाच्या तसा चालवू नका.

युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक आकडा) आणि बाइट इथे देवनागरीत लिहिले आहेत. कोडमध्ये ते नेहमीच्या रोमन हेक्समध्ये टाइप करायचे.

आधी बाइट बघा

स्क्रीनवर दिसते त्यावर विश्वास ठेवू नका. ब्राउझर, फॉन्ट आणि एडिटर तिघेही चुका झाकतात. लिनक्स किंवा मॅकवर ‘हेक्सडम्प’ कमांड मोठ्या सी पर्यायासह चालवली की डावीकडे बाइट आणि उजवीकडे वाचता येणारी अक्षरे दिसतात. पायथनमध्ये ‘आस्की’ हे फंक्शन स्ट्रिंगवर चालवा. रोमनखेरीज प्रत्येक अक्षर क्रमांकाच्या रूपात छापले जाते, म्हणून लपलेले अक्षर लगेच सापडते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये स्ट्रिंग अक्षराअक्षरात फोडून प्रत्येकावर ‘कोडपॉइंटॲट’ लावा आणि उत्तर १६च्या पायात छापा. डेटाबेसमध्ये शंका असेल तर रकाना तसाच निवडू नका, ‘हेक्स’ फंक्शनमधून काढा. नाहीतर वाटेतले कनेक्शन एन्कोडिंग बदलते आणि तपासच चुकतो.

मराठीत लागणारे देवनागरीचे प्रत्येक युनिकोड अक्षर यूटीएफ-८ या आज रूढ असलेल्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइट घेते, आणि पहिले दोन नेहमी ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सुटी अक्षरे म्हणून मोजली जातात. ‘मराठी’ म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी: पाच अक्षरे, १५ बाइट. हा हिशेब पुढे वारंवार लागणार आहे.

नेहमीचे घुसखोर

पहिला बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे फाइलच्या एन्कोडिंगची खूण), क्रमांक एफईएफएफ, बाइट ‘ईएफ बीबी बीएफ’. फाइलच्या अगदी सुरुवातीला बसतो. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून सेव्ह केले की तो आपोआप यायचा. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड बीओएमशिवाय सेव्ह करू लागले. पीएचपी फाइलच्या डोक्यावर बीओएम असेल तर ते तीन बाइट हेडरच्या आधीच ब्राउझरकडे निघतात. मग ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी सूचना येते, सेशन सुरू होत नाही, कुकी बसत नाही, आणि फाइल उघडून कितीही पाहिली तरी पहिल्या ओळीआधी काहीच दिसत नाही. जेसन फाइलमध्ये असेल तर पार्सर पहिल्याच अक्षराला अडतो. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असे दिसले तर तिथेच क्लिक करून साध्या यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा. अनेक फाइली असतील तर ‘सेड’ने फक्त पहिल्या ओळीच्या आरंभीचे ते तीन बाइट काढा. पायथनमध्ये अशी फाइल वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. बीओएम असेल तर गिळला जातो, नसेल तरी काही बिघडत नाही.

दुसरा नो-ब्रेक स्पेस, क्रमांक ००ए०, बाइट ‘सी२ ए०’. वर्डमधून किंवा दुसऱ्या वेबपानावरून पेस्ट केलेला मजकूर आणि ब्राउझरमधले रिच टेक्स्ट एडिटर हे त्याचे मुख्य उगम. लागोपाठ दोन स्पेस दिल्या की एडिटर त्यातली एक बहुधा या जातीची करतो.

तिसरा झिरो विड्थ स्पेस, क्रमांक २००बी, बाइट ‘ई२ ८० ८बी’. याला रुंदीच नाही. काही एडिटर कर्सर टेकवायला जागा हवी म्हणून तो घालतात आणि काढायचे विसरतात. थाई, ख्मेर अशा लिप्यांत शब्द कुठे तोडायचा हे सांगायला तो लागतो. मराठीत त्याचे काहीच काम नाही.

याखेरीज सॉफ्ट हायफन (००एडी), वर्ड जॉइनर (२०६०) आणि मजकूर डावीकडून वाचायचा की उजवीकडून हे सांगणारी दिशादर्शक अक्षरे (२००ई, २००एफ, २०२ए ते २०२ई, २०६६ ते २०६९). दिशादर्शक बहुधा कॉन्टॅक्टमधून कॉपी केलेल्या फोन नंबराच्या मागेपुढे चिकटून येतात. नंबर दहा आकडी दिसतो, तपासणी मात्र बारा अक्षरे मोजते. प्रोग्रामच्या सोर्स फाइलमध्ये ही अक्षरे दिसली तर ती केवळ घाण म्हणून सोडू नका. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१मध्ये दाखवून दिले की, त्यांच्या आधारे वाचणाऱ्याला एक कोड दिसतो आणि कंपायलर दुसराच चालवतो. त्यानंतर अनेक एडिटर अशी अक्षरे चौकटीत दाखवू लागले. व्हीएस कोडची ती चौकट मराठीला हव्या असलेल्या अक्षरांवरही येऊ शकते, म्हणून सरसकट ‘काढून टाका’ करू नका.

‘ट्रिम केले आहे (म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढल्या आहेत), तरी मोकळी जागा राहते’ ही तक्रार भाषेनुसार समजून घ्यावी लागते. जावास्क्रिप्टचा ट्रिम नो-ब्रेक स्पेस आणि बीओएम दोन्ही काढतो. पायथनचा स्ट्रिप नो-ब्रेक स्पेस काढतो, बीओएम ठेवतो. पीएचपीचा साधा ट्रिम दोन्ही ठेवतो. झिरो विड्थ स्पेस तिघेही ठेवतात, कारण युनिकोडच्या वर्गीकरणात ती मोकळी जागा नाही.

पीएचपीत ‘आठ’चा बळी

नो-ब्रेक स्पेस जात नाही म्हणून बरेच जण पीएचपीच्या ट्रिमला जादा अक्षरांची यादी देतात: ‘सी२’ आणि ‘ए०’. इथे मोठा घात होतो. पीएचपीचा ट्रिम अक्षरे ओळखत नाही, सुटे बाइट बघतो. ‘ठ’चे बाइट आहेत ‘ई० ए४ ए०’. म्हणजे ‘आठ’, ‘ओठ’, ‘मठ’, ‘पाठ’ यांतल्या प्रत्येक शब्दाचा शेवटचा बाइट कापला जातो. मागे ‘ई० ए४’ एवढे अर्धवट तुकडे उरतात आणि पानावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. पुढे ही स्ट्रिंग ‘जेसन एन्कोड’कडे गेली की तो पूर्ण उत्तराऐवजी ‘फॉल्स’ परत करतो, आणि एका ‘आठ’पायी एपीआयचा सगळा प्रतिसाद रिकामा जातो.

रेग्युलर एक्सप्रेशनमध्येही हाच सापळा आहे. पीएचपीत पॅटर्नच्या शेवटी लहान ‘यू’ खूण नसेल तर बॅकस्लॅश-एच हा ‘ए०’ बाइटला मोकळी जागा समजतो आणि पुन्हा ‘ठ’ मोडतो. बॅकस्लॅश-मोठा-आर तर ‘८५’ बाइटला नवी ओळ समजतो. ‘अ’चे बाइट ‘ई० ए४ ८५’ आहेत. त्यामुळे मजकूर ओळींत फोडायला गेलात की प्रत्येक ‘अ’पाशी ओळ तुटते. ‘ॅ’ ही मात्राही ‘८५’नेच संपते, म्हणून ‘बॅंक’, ‘कॅमेरा’ यांचेही तुकडे पडतात. मराठी मजकुराला हात लावणाऱ्या प्रत्येक पॅटर्नला ‘यू’ खूण लावा आणि कडेच्या मोकळ्या जागाही त्याच पॅटर्नने काढा. पीएचपी ८.४पासून ‘एमबी ट्रिम’ उपलब्ध आहे, तो अक्षरे ओळखतो.

झिरो विड्थ जॉइनर: हा घुसखोर नव्हे

२००डी क्रमांकाचा झिरो विड्थ जॉइनर आणि २००सी क्रमांकाचा नॉन-जॉइनर ही मराठी लेखनाची हत्यारे आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एक: ‘ऱ’ (०९३१), हलन्त (०९४डी), य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि ‘जे’ दाबून ‘ऱ’ येतो, त्यामुळे तिथून हा प्रकार निघतो. दोन: साधा ‘र’ (०९३०), हलन्त, जॉइनर, य. लिप्यंतर करून देणारी काही साधने हा प्रकार देतात, आणि जुन्या मजकुरात तो भरपूर आहे. दोन्ही दिसायला अगदी एकसारखे.

आता दुसऱ्या प्रकारातून जॉइनर काढा. उरते र, हलन्त, य, आणि त्याचा रफार होतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ जाऊन समुद्राचा ‘दर्या’ येतो. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, त्याचे ‘आचार्यास’ होऊन निमंत्रण भलत्याकडेच जाते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ सगळ्यांची तीच गत. कोणताही प्रोग्राम याबद्दल चूक दाखवत नाही, कारण उरलेला मजकूर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो. म्हणूनच हे नुकसान महिनोन्‌महिने कळत नाही.

नॉन-जॉइनर जोडाक्षर होऊ न देता पाय मोडून दाखवतो: ‘उद्‌घाटन’, ‘तद्‌भव’. तो काढला तर शब्द मोडत नाही, पण पाठ्यपुस्तक किंवा कोश यांच्या मजकुरात तो संपादकाने जाणूनबुजून घातलेला असतो. शिवाय कुटुंबाचे किंवा जोडप्याचे इमोजी जॉइनरनेच जोडलेले असतात. जॉइनर गेला की एका चित्राच्या जागी तीन-चार सुटी माणसे उभी राहतात.

तशीच गोष्ट ‘ॲ’ची. ‘ॲप’ हा शब्द ०९७२ क्रमांकाच्या एका अक्षराने लिहिता येतो. ते युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८मध्ये आले. त्याआधीची सवय म्हणजे ‘अ’वर चंद्र (०९०५, ०९४५), आणि तो नीट बसावा म्हणून कधी मध्ये जॉइनर. एकूण तीन रूपे, दिसायला बहुतेक फॉन्टांत सारखी, शोधाला मात्र तीन वेगळे शब्द.

युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणणे) हे सगळे सांभाळेल अशी समजूत असते. ते ‘र’ आणि खालचा नुक्ता यांचा एकच ‘ऱ’ करते, एवढे खरे. पण जॉइनरवाला ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ची जुनी रूपे त्याच्या कक्षेतच येत नाहीत. ते नियम आपणच लिहावे लागतात.

सफाईचा क्रम

क्रम बदलू नका, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे.

१. मजकूर वैध यूटीएफ-८ आहे का ते तपासा. नसेल तर तिथेच थांबा. ‘चुकीचे बाइट दुर्लक्षित करा’ हा पर्याय कधीही वापरू नका, कारण त्याने पुरावा नष्ट होतो.

२. २००बी, २०६०, एफईएफएफ, ००एडी आणि दिशादर्शक अक्षरे काढा. साइटवर उर्दू किंवा अरबी मजकूर असेल तर दिशादर्शक फक्त फोन, ईमेल, पिनकोड अशा रकान्यांतून काढा.

३. ००ए० आणि २०२एफ (अरुंद नो-ब्रेक स्पेस) यांच्या जागी साधी स्पेस घाला. मग कडेच्या स्पेस काढा.

४. एनएफसी लावा. एनएफकेसी हा त्याचाच अधिक बदल करणारा प्रकार नको. ते वर चढवलेला २ साधा करते, त्यामुळे चौरस मीटरचे एकक बिघडते.

५. र, हलन्त, जॉइनर हा क्रम दिसेल तिथे ऱ, हलन्त करा. ‘अ’, मध्ये असल्यास जॉइनर, आणि चंद्र, या क्रमाचा ‘ॲ’ करा.

६. उरलेल्या जॉइनर आणि नॉन-जॉइनरपैकी ओळीच्या सुरुवातीचे, स्पेसच्या लगेच नंतरचे, आणि हलन्त नसलेल्या देवनागरी अक्षरामागून आलेले काढा. हलन्तानंतरचे आणि इमोजींमधले राहू द्या.

सहावी पायरी पाचवीच्या आधी घेतली तर ‘अ’ आणि चंद्र यांच्यातला जॉइनर आधीच जाईल. तेवढ्याने नुकसान नाही. पण इमोजी किंवा हलन्त ओळखण्यात चूक झाली तर ‘ऱ्या’ वाचवायची संधी गेली.

हीच सफाई साठवताना आणि शोधशब्दावर, दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावली तर आधी सापडणारे शब्दही सापडेनासे होतात. मूळ लेखन जसेच्या तसे ठेवायचे बंधन असेल, उदाहरणार्थ कोश किंवा हस्तलिखितांचा संग्रह, तर मूळ रकान्याला स्पर्श न करता शोधासाठी वेगळा रकाना करा. त्यात नॉन-जॉइनरही काढता येतो, आणि ‘दु:ख’मधल्या अपूर्णविरामाचा विसर्गही करता येतो. पासवर्डला मात्र यातले काहीही लावू नका. आधी नोंदवलेल्यांचे लॉगिन बंद पडेल.

भलत्या एन्कोडिंगने वाचलेली मराठी

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे चार टोकांचे गोल चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. हे दिसले की निश्चित समजा: यूटीएफ-८मधली देवनागरी कोणीतरी विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे जुने एन्कोडिंग) म्हणून वाचली आहे. ई० म्हणजे तो ‘ए’, ए४ म्हणजे चलनचिन्ह, ए५ म्हणजे येन. डेटा बहुधा शाबूत असतो. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतला मजकूरही रोमन चिन्हांच्या गर्दीसारखा दिसतो, पण त्यात ही जोडी सापडत नाही. त्याला त्या त्या फॉन्टचा परिवर्तक लागतो, खालचे उपाय नव्हे.

साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर गोष्ट वेगळी. ‘मराठी’च्या जागी बरोबर पाच प्रश्नचिन्हे असतील तर साठवतानाच प्रत्येक अक्षर टाकून दिले गेले. ते परत येत नाही, बॅकअपच शोधावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये दोन मोजमापे घ्या: ‘कॅर लेंग्थ’ आणि ‘लेंग्थ’. ‘मराठी’साठी ५ आणि १५ आले तर साठवण बरोबर आहे, दोष कनेक्शनचा किंवा पानाचा. १५ आणि ३१ आले तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे, आणि हेक्समध्ये ‘सी३ए० सी२ए४’ हा तुकडा दिसेल. दुरुस्ती आतून बाहेर करायची: रकाना ‘लॅटिन१’मध्ये (मायएसक्यूएलमध्ये विंडोज-१२५२चे हेच नाव) बदला, त्याचे ‘बायनरी’ करा, आणि ते ‘यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८) म्हणून वाचा. हे एकाच ‘कन्व्हर्ट’च्या घडीत बसते. पण ते फक्त हेक्समध्ये वरचा तुकडा सापडणाऱ्या ओळींवरच चालवा. धड ओळींवर चालवले तर लॅटिन१मध्ये देवनागरी नसल्यामुळे त्यांची प्रश्नचिन्हे होतील. ज्या ओळीत बिघडलेली आणि धड मराठी एकत्र आहे, ती हातानेच सोडवा.

रकानाच लॅटिन१ असेल आणि त्यात यूटीएफ-८चे बाइट भरलेले असतील तर थेट कॅरेक्टर सेट बदलू नका, दुहेरी एन्कोडिंग होईल. आधी रकाना बायनरी किंवा ब्लॉब जातीचा करा, मग यूटीएफ८एमबी४चा टेक्स्ट करा.

दुरुस्तीनंतरही काही शब्द फुटके राहतात, त्याची दोन कारणे ठरलेली आहेत. ‘मराठी’ हाच शब्द घ्या. ‘ठ’चा शेवटचा ए० बाइट चुकीच्या वाचनात नो-ब्रेक स्पेस होतो. मधल्या काळात कोणी ‘सफाई’ करून तिची साधी स्पेस केली असेल, तर ‘ठ’ परत जुळत नाही. बिघडलेल्या मजकुरात ‘ई० ए४’च्या जोडीनंतर साधी स्पेस दिसली तर बहुधा तिथे ‘ठ’ होता. रूपांतराआधी ती स्पेस पुन्हा ००ए० करा. म्हणजेच सफाई आणि दुरुस्ती दोन्ही करायच्या असतील तर दुरुस्ती आधी.

दुसरे कारण अधिक त्रासाचे. विंडोज-१२५२मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना अक्षरच नाही. हलन्त संपतो ८डीने, ऱ्हस्व उकार ८१ने, ‘झ’ ९डीने, ‘ए’ ८एफने. मायएसक्यूएल आणि ब्राउझर हे बाइट जपतात. पायथन मात्र तिथे थांबून चूक दाखवतो, आणि चूक टाळायला कोणी ‘इग्नोअर’ लिहिले असेल तर सगळी जोडाक्षरे आणि उकार गेलेले असतात. ‘ई० ए५’नंतर तिसरा बाइट नसेल तर तिथे हलन्त होता की उकार, हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

प्रत्येक थरावर यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. पानाचा मेटा कॅरसेट पहिल्या १०२४ बाइटांत हवा. सर्व्हरच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये वेगळे एन्कोडिंग असेल तर मेटाला कोणी विचारत नाही, म्हणून हेडर आधी तपासा. टेबल यूटीएफ८एमबी४ असून भागत नाही, कनेक्शनही तेच हवे, पीएचपीच्या पीडीओ या डेटाबेस-जोडणीत कनेक्शनच्या ओळीतच कॅरसेट द्या. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांचा आहे. देवनागरी त्यात मावते, चार बाइटांचे इमोजी मावत नाहीत, त्यामुळे ही उणीव पहिल्या इमोजीपर्यंत झाकलेली राहते.

सीएसव्हीबाबत बीओएमचा नियम उलटा होतो. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडायची फाइल बीओएमसह द्या, नाहीतर मराठीचा चिखल होतो. दुसऱ्या प्रोग्रामसाठीची फाइल बीओएमशिवाय द्या. आलेली फाइल बीओएमशिवाय असेल तर एक्सेलच्या डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करताना ६५००१ (यूटीएफ-८चा क्रमांक) निवडा. परत सेव्ह करताना साधा ‘सीएसव्ही’ प्रकार घेतला तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या.

मजकूर छाटताना बाइट मोजणारे फंक्शन नको. ‘एमबी सबस्ट्रिंग’सुद्धा अपुरे, कारण ते ‘कि’मधून वेलांटी तोडते. पीएचपीत ‘ग्राफीम सबस्ट्रिंग’, जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ वापरा. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकाचा स्लग (पानाच्या पत्त्यातला शीर्षकाचा भाग) टक्केचिन्हांच्या रूपात साठवला जातो, एका देवनागरी अक्षराला नऊ जागा लागतात आणि मर्यादा २००ची आहे. जेमतेम २२ अक्षरांत, मात्रा धरून, स्लग संपतो. लांब शीर्षकाला स्लग हाताने द्या. रोमन एसएमएसमध्ये एक झिरो विड्थ स्पेस शिरली तरी संदेशाची मर्यादा १६०वरून ७०वर येते, म्हणून पाठवण्याआधी टेम्प्लेटचे बाइट बघा.

शेवटी, चाचणीत एवढ्या स्ट्रिंग कायम ठेवा: ‘आठ’ (शेवटी स्पेस नसलेला), दोन्ही प्रकारांनी लिहिलेला ‘दऱ्या’, तिन्ही प्रकारांचा ‘ॲप’, नॉन-जॉइनरसह ‘उद्‌घाटन’, ‘अ’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी, एक कुटुंबाचा इमोजी, आणि पुढे-मागे दिशादर्शक असलेला दहा आकडी नंबर. फॉर्ममधून भरा, डेटाबेसमध्ये हेक्स बघा, पानावर आणा, सीएसव्हीत काढा, परत आयात करा, आणि शेवटचा हेक्स पहिल्याशी ताडून पहा.